मोरजीच्या रेतीवर धावणारी बारकी पाखरं: खातात काय, आणि भरतीला जातात कुठे?

काजूबोंड
नमस्कार मंडळी. गेले दोन रविवार आम्ही म्हापशाहून मोरजीला जातोय, शापोरा नदी दर्याला मिळते त्या टोकाला. निमित्त बाबांच्या साखरेचं. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलंय आणि आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर चालायचं म्हणजे जीव मुठीत धरून. म्हटलं, निदान रविवारी तरी मोकळ्या रेतीवर चालू देत.

तिथे एक पाखरू बघितलं. चिमणीपेक्षा थोडं मोठं, वरून सुक्या रेतीच्या रंगाचं, पोट पांढरंशुभ्र, चोच आखूड आणि काळी. धावताना पाय दिसतच नाहीत, खाली चाकं लावल्यासारखं सरकतं. मग एकदम थांबतं, पुतळा होतं, मान किंचित तिरकी करतं, टोच मारतं आणि परत सुटतं. बाबा म्हणाले, "लग्नातले वाढपी असेच धावतात बघ."

प्रश्न दोन. एक, हे टोचून खातात काय? मी जाऊन ती जागा बघितली, रेतीशिवाय काही दिसलं नाही. दोन, पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता शंभरेक तरी होते. काल त्याच सातला, त्याच जागी, एकही नाही. गेले कुठे?

फोटो मोबाइलचे आहेत. झूम केल्यावर पाखरू आणि खडा यांत फरक राहात नाही. हसू नये.

पणजी_पाटो
टिटवीची पिल्लं असतील. मोठी झाली, गेली उडून. धागा बंद करा.

टिटवीकर
पाटोबाब, पिल्लं नव्हेत, पण नातं तुम्ही बरोबर ओळखलंत. टिटवीच्याच कुळातले हे चिखल्या. नाव चिखल्या आणि हिंडतात रेतीवर, त्याला आपला इलाज नाही.

काजूबोंडताई, तुमच्या तिसऱ्या फोटोत दोन वेगळे पक्षी आहेत. उजवीकडच्याच्या मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण फिरलीय, कॉलर घातल्यासारखी, आणि छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक गडद डाग. तो केंटिश चिखल्या. वजन ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक बेताचं लिंबू. डावीकडच्याला मागे कॉलर नाही, छातीवर राखी-तपकिरी पट्ट्याची दोन टोकं आत आलेली. तो छोटा वाळू-चिखल्या, इंग्रजीतला लेसर सँड प्लोव्हर. याची अलीकडे दोन जातींत वाटणी झाली. आपल्या बाजूला येतो तो मुख्यत्वे तिबेटी. मोरजीला घोळक्यात जास्त हाच असतो. त्याचा एक थोरला भाऊही येतो, ग्रेटर. दोघांतला फरक चोचीच्या आणि पायांच्या लांबीवरून काढायचा असतो, आणि तो काढताना पुष्कळ मैत्र्या तुटलेल्या मी बघितल्या आहेत. तेव्हा ते राहू दे.

आता खाण्याचं. याचा डोळा बघा. डोक्याच्या मानानं केवढा मोठा! चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. धावायचं, थांबायचं, बघायचं, टोचायचं. धावताना आपलंच डोकं हलतं, मग रेतीतली बारीक हालचाल टिपता येत नाही, म्हणून तो थांबा. चार-पाच पावलांवर कुठे किडा वळवळला, खेकड्याचा पाय दिसला, की झेप. तुम्ही जागा बघायला गेलात तोवर ते पोटात गेलं होतं, नाहीतर तुमच्या पावलाच्या धक्क्यानं बिळात.

याच्या शेजारी सँडरलिंग नावाचे पक्षी दिसले तर फरक ताडून बघा. त्यांच्या चोची लांब, आणि काम पुष्कळसं स्पर्शावर. चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी बारीक संवेदनेंद्रियं असतात, त्यामुळे शिलाईयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करत ते पुढे जातात. चिखल्याला ते जमत नाही, आखूड चोच खोल जात नाही. वरच्या एखाद्या इंचात जे मिळेल ते त्याचं.

सुकती
मी मोरजीचीच. एवढी वर्षं यांच्या बाजूनं चालले, नाव आज कळलं. आमच्याकडे बगळा, घार, कावळा आणि "बारकी" एवढेच पक्षी.

पण खातात काय ते मी सांगू शकते, कारण ते आम्हीही खातो. म्हणजे त्यातलं मोठं आम्ही, बारकं ते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की नदीच्या तोंडाशी जो पट्टा उघडा पडतो तिथे आमच्या गावच्या बायका खुबे-तिसऱ्या काढतात. दर्याच्या बाजूला, लाट जिथे फुटून मागे जाते तिथे, तांदळाएवढ्या शिंपल्या असतात. लाट ओसरली की दिसतात, लगेच उभ्या होऊन रेतीत घुसतात. लहानपणी आम्ही पैज लावायचो, घुसायच्या आत कोण जास्त पकडतो म्हणून.

आणि त्या गोळ्या बघितल्यात का? सुकतीला ओल्या रेतीवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी काढलेली असते, मधे एक बीळ. ते खेकडे नखाएवढेसुद्धा नसतात. ती बारकी पाखरं या रांगोळीतच जास्त फिरतात हे मी नक्की सांगते.

टिटवीकर
सुकतीताई, शाळेत तुम्ही आम्हाला शिकवायला हवं होतं. त्या शिंपल्या म्हणजे डोनॅक्स. गोव्याच्या लाटांच्या पट्ट्यात डोनॅक्स इन्कार्नेटस भरपूर, आणि त्याच पट्ट्यात एमेरिटा नावाचा उलटा घुसणारा, अंड्याच्या आकाराचा खेकडा. लाटेमागे धावणारा सँडरलिंग तिथला गिऱ्हाईक. चिखल्या लाटेशी खेळत नाही. तो थोडा वर, ओल्या सपाट रेतीत किंवा रेती-चिखल मिसळतो तिथे. गोळ्यावाले खेकडे रेती तोंडात घालून त्यातलं खाणं चाटून घेतात आणि उरलेली रेती गोळी करून टाकतात. म्हणजे जिथे ताज्या गोळ्या तिथे खेकडा नुकताच वर येऊन गेलेला. चिखल्याला ते कळतं की नाही माहीत नाही, पण तो तिथे उभा असतो खरा.

मालवणी_मुंबईत
मधेच घुसतो. गोळ्यांवरून तोंडवळीचा किनारा आठवला. एक शंका: ही पाखरं दिवसभर खारं खातात, खाऱ्यातच उभी, गोडं पाणी कुठे पितात?

टिटवीकर
डोळ्यांच्या वर, कवटीला लागून, मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. जास्तीचं मीठ नाकपुड्यांतून थेंबाथेंबानं बाहेर. दुर्बिणीतून बघताना कधी चोचीच्या टोकाला थेंब लोंबकळताना दिसतो आणि पाखरू डोकं झटकतं, ते सर्दी झाली म्हणून नव्हे.

पणजी_पाटो
हे सगळं छान. पण ताईंचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. सातला होते, सातला नव्हते. पाखरांना घड्याळ नसतं काय?

आगरातलो
असतं. तुमचं नाही, चंद्राचं.

आमचं घराणं आगरवाड्याचं, मिठागरात काम करणारं. भरतीची वेळ काढायला आजोबा मोबाइल बघत नव्हते. तिथीला पाऊणने गुणायचं. पुनव म्हणजे १५, गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्या वेळी पूर्ण भरती, सकाळची आणि रात्रीची. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. सुकती त्यापासून सहा तासांवर. मुंबईपेक्षा आपल्याकडे पाणी आधी चढतं, म्हणून आलेल्या उत्तरातून अर्धा-पाऊण तास वजा करायचा. दुसऱ्या पंधरवड्यात परत प्रतिपदेपासून एक, दोन, तीन.

आता ताई, तुमचा पहिला रविवार. पौष शुद्ध द्वितीया होती. दोन पाऊण दीड. वजा केल्यावर भरती एकच्या आत, म्हणजे सुकती सकाळी सातच्या आतबाहेर. तुम्ही बरोबर ताट वाढलेल्या वेळी पोचलात. काल नवमी. नऊ पाऊण पावणेसात. वजा केल्यावर भरती सहाच्या सुमाराला. सातला तुम्ही गेलात तेव्हा पाणी नुकतं कुठे उतरायला लागलेलं. ताट झाकलेलं होतं.

काजूबोंड
बाप रे. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, हे गणित माझ्या मामाला येत होतं आणि मी त्याला वेडा समजत होतो.

टिटवीकर
गणित सुंदर. पण आगरबाब, एक गाठ सुटत नाही. नवमी म्हणजे भांगाचे दिवस. उधाणाला, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, आपल्याकडे भरती-सुकतीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगाला तो बराच कमी. पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. म्हणजे नवमीच्या भरतीला मोरजीच्या टोकाची सगळी रेती पाण्याखाली जायला नको. खाणं बंद असेल, कबूल. पण पाखरं तिथेच, वरच्या सुक्या रेतीवर, एका पायावर उभी राहून सुकतीची वाट बघत असायला हवी होती. ताईंना एकही दिसलं नाही.

ताई, जरा आठवून सांगा. काल तिथे आणखी कोण होतं?

काजूबोंड
आता विचारलंत म्हणून. टोकाला आठ-दहा जणांचा ग्रुप होता, रात्रीचेच जागे असावेत. एक ड्रोन उडत होता, घुंई आवाज करत. आणि तीन कुत्री, ती त्यांची की गावची माहीत नाही, पाण्याच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. मला वाटलं खेळताहेत.

टिटवीकर
मिळालं उत्तर. ड्रोन डोक्यावर आला की पाखरांच्या लेखी तो ससाणा.

शॅकमधलो
म्हणजे शेवटी आमच्यावरच येणार. कुत्री शॅकवाल्यांची, आवाज शॅकवाल्यांचा, लाइट शॅकवाल्यांची. मी अकरा वर्षं शॅकमध्ये काम करतो. हंगाम संपला की आम्ही सगळं काढून घरी जातो. पाखरं ऑगस्टात येतात ना? तेव्हा आमचा एक बांबूही रेतीवर नसतो.

सुकती
दादा, तुमच्यावर कोणी घेतलं नाही. पण कुत्र्यांना उरलेलं खाणं कोण घालतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. मी पण घालते. आणि रेतीवर भाड्याच्या जीपा नेतात त्यांत तुमचं काही नाही, ते आम्ही बघतोच आहोत.

शॅकमधलो
जीप मीही दोनदा अडवलीय. एकदा रुतली, मग ती ढकलायला मलाच बोलावलं.

बरं, मी रोज बघतो ते सांगतो, कामाला येतं का बघा. रात्री अकराबाराला आवरून घरी जाताना, सुकती असली तर, काळोखात ती पाखरं धावत असतात. मोबाइलची लाइट मारली की डोळे चमकतात. त्यांना झोप नाही?

टिटवीकर
दादा, तुमची ही ओळ फार कामाची आहे. त्यांच्या दिवसाचे तुकडे उजेड-काळोखाचे नसून भरती-सुकतीचे. सुकती रात्री दोनला असली तर जेवण रात्री दोनला. मोठा डोळा त्याच कामाचा. झोप भरतीत, पाठीवरच्या पिसांत चोच खुपसून, तीही एक डोळा अधूनमधून उघडून. म्हणून तर भरतीची जागा महत्त्वाची. आपण सगळे खाण्याची जागा बघतो, फोटोही तिथलेच काढतो. झोपायची जागा कुणाला दिसत नाही.

आणि लाइट नका मारू हं. बाकी काही नको.

ऑगस्टचंही तुम्ही बरोबर सांगितलंत. आधी मोठी येतात, मागून त्या वर्षीची पिल्लं, कुणी वाट न दाखवता. वाळू-चिखल्या घरटं करतो तिबेट, पामीर, आपल्या लडाखात, ४००० मीटरच्याही वर. लडाखच्या त्सो कर सरोवराकाठी उन्हाळ्यात हाच पक्षी विटकरी छाती आणि काळा मुखवटा घालून फिरतो. तिथल्या फोटोत तुम्ही त्याला ओळखणार नाही. मार्चअखेरीला मोरजीला नीट बघा, काहींची छाती आताच गेरूत बुडवल्यासारखी व्हायला लागलेली असते. जायची तयारी. तोवर अंगावर चरबी साठवायची, तेच उडायचं इंधन. इथे भरतीत चार वेळा उठवलं, की सुकतीत खाल्लेलं त्या चार उड्डाणांत गेलं.

मालवणी_मुंबईत
पण मी जूनमध्ये पण बघितलेत, तोंडवळीला, पावसात. पाच-सहा. तेव्हा तर सगळे लडाखला हवेत.

टिटवीकर
पहिल्या वर्षाची पोरं असणार. पुष्कळशी पहिल्या उन्हाळ्यात परत जातच नाहीत, किनाऱ्यावरच राहतात. घरटं करायचं वय नाही, मग हिमालय चढून करायचं काय?

पणजी_पाटो
मीही मे महिन्यात मुंबईला परत न जाणारा पोरगा होतो. सहानुभूती आहे.

धाग्याला धरून बोलतो. मांडवीकाठी हे दिसत नाहीत काय? चोडणच्या फेरीतून उतरलं की सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य. तिथे नुसतंच एक शेपूट हलवणारं पाखरू दिसलं.

टिटवीकर
शेपूट हलवणारा तो तुतवार. मागचं अंग सतत खालीवर. चोडणचं अभयारण्य १९८८ चं, १.७८ चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळी खारफुटी. सुकतीला मुळांमधला चिखल उघडा पडतो, त्यावर चिखलात उड्या मारणारे मासे, एक नांगी मोठी असलेले खेकडे. तुतवाराला झाडाची फांदी, दगड, होडीची कड, सगळं चालतं, तो एकटा. चिखल्याला चारी बाजूंनी मोकळं लागतं. खारफुटीच्या आडून घार किंवा ससाणा कधी येईल ते दिसत नाही, म्हणून तो दाटीत शिरत नाही. तो बघायचा तर मोकळी रेती, नाहीतर मोकळं मिठागर. पाटो-रायबंदर रस्त्याच्या कडेच्या मिठागरांत पूर्वी पुष्कळ मोकळीक होती. आता कितीतरी खण खारफुटीनं भरलेत. खारफुटी चांगलीच, पण चिखल्याच्या दृष्टीनं ती भिंत.

आगरातलो
मी याचीच वाट बघत होतो, की मिठागराचं नाव कोण काढतो.

टिटवीकरबाब, मघाशी विचारलंत की पाखरं गेली कुठे. मोरजीहून शापोरा नदीनं वर आलं की आमचा आगरवाडा. उडत्या पाखराला किती वेळ लागणार! भरतीच्या वेळी आमच्या मेरांवर, म्हणजे मिठाच्या खणांमधल्या चिखलाच्या बारक्या बांधांवर, ही पाखरं रांगेनं बसतात. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. लहानपणी मला वाटायचं, आजोबांनी मातीचे गोळे करून ओळीत ठेवलेत. मी हाकलायला धावलो तर आजोबा म्हणायचे, "बसूं दी रे, ती आमचें मीठ खायनात."

पावसात हेच आगर पाण्याखाली असतं. पाऊस गेला की मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी सोडायचं, चिखल उघडा करायचा, तळ चोपून घट्ट करायचा, मग भरतीचं पाणी टप्प्याटप्प्यानं आत घ्यायचं. मीठ पडायला लागतं ते फेब्रुवारीनंतर, मे संपेपर्यंत. हे तळ उघडायचे दिवस आता चालू आहेत. उघड्या चिखलात माश्यांच्या बारक्या अळ्या असतात, खाऱ्या पाण्यातल्या. भरतीत नुसती झोपायला आलेली पाखरं मग इथेही दोन घास खातात.

वाईट एवढंच, आगर करणारी घरं कमी होत चाललीत. मीठ स्वस्त, मजूर महाग. आमच्या बाजूचे दोन खण चार वर्षं पडून आहेत. बांध फुटला की पाणी कायमचं आत, मग मेर नाही, मग पाखरं कुठे बसणार?

काजूबोंड
आगरातलो, येत्या रविवारी येऊ? बाबा ऐकत नाहीत, त्यांना भरती बघायचीय. येत्या रविवारी वद्य प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे पावणेएक, वजा करून बारा. बरोबर?

आगरातलो
बरोबर. पुनव झाल्याचा दुसरा दिवस, उधाण. सकाळी सहाला सुकती. उजाडताना मोरजीला या, अकराला माझ्याकडे. मेरांवर चालायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं. चहा घरी.

काजूबोंड
(रविवार रात्र) जाऊन आलो. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

पावणेसातला पोचलो. एवढी रेती उघडी पडलेली मी मोरजीला कधीच बघितली नव्हती. बाबा कासवांसाठी लावलेल्या दोरीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, मी शेजारी उकिडवी. दुर्बीण शेजाऱ्यांची. पंधरा मिनिटं हललो नाही, तर पाखरं स्वतःहून आमच्याकडे सरकत आली, बारा-पंधरा पावलांवर.

एक कॉलरवाला मी धरून ठेवला नजरेत. त्याच्या एका मिनिटात मी सोळा टोची मोजल्या, त्यातल्या किती लागू पडल्या देव जाणे. मधेच तो थांबला आणि एक पाय रेतीवर थरथरवायला लागला. बसल्याजागी आपण गुडघा हलवतो तसा, पण फार भराभर. तीन-चार सेकंद. मग पायाशीच टोच. हे त्यानं तीनदा केलं. टिटवीकर, हे काय होतं?

मग त्यानं एक किडा धरला. लाल, सुतासारखा. हिसकला नाही. थोडा ओढला, थांबला, परत ओढला, ताण देऊन नुसता धरून ठेवला. आई शेवयाच्या खिरीतली शेवई ओढते ना, तुटू नये म्हणून, अगदी तस्सा. शेवटी अख्खा निघाला, चोचीवर आपटला आणि गेला आत. बाबांनी टाळी वाजवली आणि सगळी पाखरं पाच हात मागे गेली. बाबांना मी रागावले.

नऊनंतर पाणी भराभर चढायला लागलं. पाखरं पाण्याच्या कडेसोबत मागे मागे. दहाच्या सुमाराला घोळके व्हायला लागले, टोचणं बंद, नुसती उभी. साडेदहाला एक बाई चिप्सचं पाकीट घेऊन मधून चालत गेली आणि सगळा थवा उठला. वळताना पांढरा, परत वळताना दिसेनासा, परत पांढरा. नदीच्या दिशेनं वर गेला.

आम्ही गाडी काढली. अकराला आगरवाड्यात. आगरातलो रस्त्यावर उभेच होते. बोट दाखवलं. मला आधी काहीच दिसेना, चिखलाची मेर आणि मेरेवर चिखलाचे गोळे. मग एका गोळ्यानं पाय बदलला.

टिटवीकर
"एका गोळ्यानं पाय बदलला." वा!

पाय थरथरवणं ही चिखल्यांची जुनी युक्ती. रेती हलली की आतला किडा-खेकडा दचकून हलतो, आणि हलला की दिसतो. डोळ्यांनी शिकार करणाऱ्यासाठी भक्ष्य हललं पाहिजे, नाही हललं तर हलवायचं. किडा न हिसकण्याचं कारणही तुम्ही शेवईत सांगून टाकलंत. हिसकला तर तुटतो, अर्धा बिळात राहतो.

सुकती
मेरेवर पाखरं उठून गेल्यावर खाली बघितलंत का? आमच्या टोकाला, जिथे ती झोपतात तिथे, मी आज मुद्दाम गेले होते. विष्ठेबरोबर वाटाण्यापेक्षा लहान अशा सुक्या गोळ्या होत्या, बोटांनी चुरल्या तर आत शिंपल्यांचा चुरा आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे. हे काय?

टिटवीकर
न पचलेलं ओकून टाकतात, घुबडासारखंच, फक्त बारीक. सुकतीताई, एखादी डबीत जपून ठेवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या डबीत आहे.

शॅकमधलो
मालकांशी बोललो. सकाळी दहापर्यंत कुत्र्यांना शॅकच्या मागच्या बाजूला खाणं घालायचं, म्हणजे ती पाण्याकडे जाणार नाहीत. हो म्हणाले. बघू किती दिवस टिकतं.

पणजी_पाटो
पुढल्या रविवारी मी पण येतो. वद्य अष्टमी. आठ पाऊण सहा, वजा करून भरती सव्वापाच-साडेपाच, सुकती साडेअकरा. म्हणजे मला झोपायला मिळणार. हे पक्षी मला आवडायला लागले.

आगरातलो
भांग आहे हो, पाणी फार मागे जाणार नाही. आणि साडेअकराच्या उन्हात रेतीवर बसायचं तर टोपी आणा. छत्री नको, तिला भितात.